तळ्याच्या पाळीवरची माती

भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी थोरल्या जाऊबाईंच्या वस्तीवर गेले होते, उसने आणलेले पितळी डबे परत द्यायला. त्यांचं घर तळ्याच्या पाळीखाली आहे. पाळ म्हणजे आमच्या गावच्या जुन्या तळ्याचा मातीचा बांध. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्याच बायामाणसांनी डोक्यावरून माती वाहून तो घातला. आता त्यावर गवत आहे, कडेला बाभळी आहेत, पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर आहे आणि एका टोकाला जादा पाणी निघून जायला दगडी सांडवा आहे. जाऊबाईंनी पायथ्याशी स्लॅबचं घर बांधलं, पुढं गोठा बांधला, कारण तिथल्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही हटत नाही.

अंगणात बाजेवर बसून चहा पिता पिता मी वर बघत होते. पाळीच्या माथ्यावरून शेळ्यांची रांग चालली होती. गवत वाढलेलं, त्यामुळं शेळ्यांचे पाय दिसत नव्हते, नुसती पोटं आणि पाठी. पण बरोबर मधोमध आली की शेळी गवतात बुडायची. शिंगं आणि कान तेवढे उरायचे. थोडं पुढं गेली की परत वर. मागून दुसरी यायची, तीही तिथंच बुडायची.

"अक्का, वर खड्डा आहे काय?" मी विचारलं.

जाऊबाई म्हशीला आंबोण ठेवत होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "कुठं? तिथं आईचं ठाणं हाय. आईपाशी कशाला खड्डा आसंल?"

"शेळ्या बघा की जरा."

"शेळ्या मी रोज बघती. तू म्हस बघ. चार दिस झाले, धड पान्हवत न्हाय."

मी म्हैस बघितली, पण डोक्यात शेळ्याच राहिल्या.

माझी गावात पिठाची गिरणी आहे आणि मला याद्या करायची सवय आहे. गिरणीचा पट्टा कधी बदलायचा, कुणाच्या लग्नात कुणाला काय आहेर करायचा, हे सगळं मी जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर लिहून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवते. घरचे हसतात, पण काही सापडलं नाही की त्याच खिळ्याकडं जातात. त्या संध्याकाळी मी लिहिलं, पाळ मधे खोल का? त्याखाली चार कारणं लिहिली. घुशींची बिळं. बैलगाडीची चाकोरी. पावसानं पडलेली घळ. किंवा भरावच खाली बसला असेल. सगळ्यात शेवटी लिहिलं, अक्कांचं घर त्या जागेच्या बरोबर खाली. हे काही कारण नव्हतं, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडायच्या आधी मी पाळीवर चढले. घुशींची बिळं होती, पण बाभळींकडच्या टोकाला, मधे एकही नाही. बैलगाडी पाळीवर येऊच शकत नाही, चढायला पायवाट तेवढी आहे. घळ पडली असती तर खालच्या उतारावर ओरखडा दिसला असता, तिथं गवत जसंच्या तसं होतं. भराव खाली बसला असता तर कुठंतरी भेग दिसायला हवी. मी काठीनं गवत बाजूला सारत सगळं बघितलं. भेग नव्हती. खोलगट जागेत मात्र माती भुसभुशीत होती, म्हणूनच तिथलं गवत जास्त उंच वाढलं होतं आणि लांबून माथा एकसारखा दिसत होता. मी मधोमध उभी राहिले आणि पाण्याकडं बघितलं. तळं भरत आलं होतं. इतरत्र उभं राहिलं की पाणी खाली वाटतं. इथं ते शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

आमचे हे गवंडीकामाचे ठेके घेतात. दुपारी जेवताना मी म्हटलं, "अहो, तुमची लेव्हलची नळी लागणार आहे."

"कशाला? गिरणी तिरकी झाली?"

"पाळ तिरकी झालीय."

हसले, पण आले. ही नळी म्हणजे पाणी भरलेला लांबलचक पारदर्शक पाइप. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला थांबतं, मग मधे चढ असो की उतार. पाया घालताना गवंडी हीच वापरतात. आम्ही सांडव्यापासून निघालो आणि टप्प्याटप्प्यानं पाळीच्या मध्यापर्यंत आलो. पाळीचा माथा सांडव्यापेक्षा माझ्या कंबरेहून जास्त उंच होता. खोलगट जागी मात्र सांडव्यापेक्षा जेमतेम वीतभर उंची उरली होती. ह्यांनी एकदा मोजलं, नळीतला बुडबुडा काढून परत मोजलं. मग हसणं थांबलं.

"सांडव्यावरनं वीतभर पाणी चाललं की इथनंपण चालणार," ते म्हणाले.

"आणि मातीवरनं पाणी चाललं तर?"

"माती राहती व्हय?"

आम्ही दोघांनीही खाली बघितलं. जाऊबाईंच्या स्लॅबवर गोधड्या वाळत घातल्या होत्या.

मी तालुक्याच्या कार्यालयात फोन केला. तिथले तरुण इंजिनिअर त्याच आठवड्यात मोटारसायकलवर आले आणि पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. माझ्यासारखीच त्यांचीही एक यादी होती, त्यामुळं ते मला लगेच आवडले. बाकीची पाळ वयाच्या मानानं चांगली आहे, म्हणाले. सांडव्यात वाढलेली झुडपं काढा, नाहीतर पाणी तुंबतं. पायथ्याशी विहिरीजवळ जी ओल आहे तिथलं पाणी बाटलीत भरून बघत जा. नितळ असेल तर चालेल, गढूळ झालं तर आतून माती येतेय असं समजा आणि तेव्हाच फोन करा. खोलगट जागेपाशी आल्यावर मात्र ते बराच वेळ थांबले.

"ताई, इथली माती गेली कुठं? वाहून गेली असती तर खाली पसरलेली दिसली असती."

"मलाही तेच पडलंय."

"कुणीतरी नेल्यासारखी गेलीय."

"पाळीची माती कोण चोरणार? देवीची जागा आहे," मी म्हटलं.

पक्का भराव उन्हाळ्यातच करता येईल, असं त्यांनी सांगितलं. ओल्या दिवसांत नुसती सुटी माती टाकू नका, ती साखरेसारखी विरघळते. तोवर मुरमाची पोती भरून विटांसारखी सांधे मोडून रचा, आणि परतीच्या पावसाआधी रचा. ते गेल्यावर मी चारही कारणांवर काट मारली. चार खोडली आणि पाचवं सुचत नव्हतं.

पाचवं कारण मला देवीनंच दाखवलं म्हणायला हवं. त्या शुक्रवारी मी हळदीकुंकू घेऊन वर गेले. तळ्यावरची आई म्हणजे एक लांबट, उभा, शेंदूर लावलेला दगड, अगदी त्या खोलगट जागेच्या मधे. कुंकू लावलं आणि लक्षात आलं की मी उभी आहे. थोडी वाकले होते, एवढंच. नवी नवरी म्हणून मला इथं आणलं होतं तेव्हा शालूचा बोंगा सावरत चक्क खाली बसावं लागलं होतं, आणि बसताना मागून कुणीतरी म्हणालं होतं, पोरगी लवती चांगली. ते मला स्पष्ट आठवतं, कारण तेव्हा राग आला होता.

गावात सगळ्यांना माहीत आहे की तळ्यावरची आई दरसाल तिळभर वाढते. लांबून पाहुणे आले की आम्ही कौतुकानं सांगतो. मीही सांगितलं आहे. पण त्या दिवशी नळीचं माप डोक्यात ताजं होतं. मी दगडाच्या बुडाशी गवत बाजूला केलं. वरच्या भागात शेंदराचे थरावर थर चढलेले, बोटभर जाड. मग एकदम रेघ. रेघेखाली शेंदराचा पातळ हात, आणि बुडाला तर नुसता कोरा दगड. म्हणजे हा कोरा भाग मातीत होता, अगदी अलीकडंपर्यंत.

मग मातीचं कोडं सुटायला वेळ लागला नाही. आमच्या गावात नवरात्रात घट बसवायला लागणारी माती पाळीवरूनच आणतात, तीही आईच्या पुढ्यातली. पत्रावळीवर ती माती पसरायची, धान्य पेरायचं, मधे घट ठेवायचा. घरटी एक टोपली. दसऱ्याला घट उठले की माती ज्याच्या त्याच्या रानात. हे पाळ बांधल्यापासून चाललं होतं, घरं वाढतील तशा टोपल्या वाढत होत्या, आणि पाळ बरोबर तेवढीच खाली जात होती. शिवाय ही माती आम्ही कधी काढतो? परतीच्या पावसात, तळं काठोकाठ असताना.

मी यादीत पाचवं कारण लिहिलं. घटस्थापना तोंडावर आली होती.

आधी जाऊबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"मंग मी काय करू? घर डोक्यावर घिऊन फिरू व्हय?"

"थोडे दिवस गावातल्या घरी या."

"आन् म्हशी? त्या तुझ्या गिरणीत बांधू?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. ती उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पाणी आलं तर कुठवर यील गं?"

मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, पण घर वाटेत आहे.

गावाला सांगणं जास्त अवघड होतं. नवरात्राच्या आधी गिरणीत भगर, राजगिरा दळायला बायांची गर्दी असते, म्हणून मी तिथंच विषय काढला. म्हटलं, यंदा घटाची माती पाळीवरनं नको.

"का? आता मातीपण तुमच्या गिरणीतच मिळणार काय?" एकीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या.

"पाळ खोल झालीय तिथं."

"खोल कशी व्हईल? उलट आई वाढाया लागलीय."

"तेच तर म्हणतेय मी," मी म्हटलं. देवी वाढत नाही असं माझ्या तोंडून निघणार नव्हतं. म्हणजे मला तसं वाटतही नव्हतं पूर्ण.

"तुम्ही मोठीमायला इचारलं का?" दुसरी म्हणाली.

मोठीमाय म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. पाळीचं काम चालू होतं तेव्हा त्या नव्या सुनेच्या वयात माती वाहायला होत्या. तो दगड पायाच्या खोदाईत सापडला आणि काम संपल्यावर पाळीच्या माथ्यावर बसवला. पहिल्यांदा तळं भरलं त्या वर्षी घटाला पाळीची माती आधी मोठीमायनीच नेली होती. रीत त्यांची होती. ती मोडायची तर त्यांनीच.

ह्यांच्या टेंपोत पुढं बसवून त्यांना पाळीपर्यंत नेलं. चढताना एका हाताला मी, एका हाताला हे. वर पोहोचल्यावर त्यांनी आधी आईला हात जोडले, मग मला म्हणाल्या, "बोल आता. गिरणी बंद ठिवून मला कशाला आणलीस?"

मी काही समजावून सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "मोठीमाय, आई बसवली तेव्हा केवढी होती?"

"गुडघ्याला पण न्हवती. बसून पुजायचो. आता बघ की, केवढी झाली."

ह्यांनी नळीचं एक टोक दगडाला लावलं. दुसरं टोक घेऊन मी पाळीच्या धड भागाकडं गेले, जिथं कुणी कधी माती काढत नाही, आणि त्यातलं पाणी जमिनीच्या पातळीला येईल असं धरलं. दगडाजवळचं पाणी हललं, वरखाली झालं आणि थांबलं ते शेंदराच्या जाड थरांच्या रेघेवर. मग मी उलट्या दिशेला गेले. तिकडच्या धड पाळीला लावलं. पाणी परत त्याच रेघेवर.

मोठीमायनी चष्मा पुसला. रेघेवर बोट फिरवलं, खालच्या कोऱ्या दगडावर फिरवलं, मग पायाखालच्या मातीकडं बघितलं.

"म्हंजे आई हाय तिथंच हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्या भुसभुशीत मातीची एक मूठ उचलली.

"ही माती मी डोक्यावर वाहिली. मुकादम एक एक पाटी बघून घ्यायचा, कमी भरली की परत पाठवायचा. आन् ह्या सटव्यांनी निऊन टाकली."

"पहिली तुम्हीच नेली म्हणतात," हे बोलून गेले. मी त्यांच्याकडं डोळे वटारले.

"नेली की. एक मूठ नेली, आईचा परसाद म्हणून. टोपल्या भरून न्या, आसं म्या कवा सांगितलं?" मग खाली, जाऊबाईंच्या घराकडं बघत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. उठताना म्हणाल्या, "औंदा आईची वटी भरू. समद्यांनी."

"कशानं?"

"जे नेलंय त्यानं."

घटस्थापनेच्या सकाळी बाया रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या तेव्हा मोठीमाय दगडाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी घेऊन बसल्या होत्या. पाळीच्या खाली ह्यांनी मुरमाची ट्रॉली ओतून ठेवली होती, खताची रिकामी पोती धुऊन ठेवली होती. प्रत्येकीनं खालून टोपलीभर मुरूम वर आणायचा, पोत्यात ओतायचा, मगच कुंकू लावायचं. घटासाठी माती हवी तर गेल्या उन्हाळ्यात तळ्यातून काढलेला गाळ पलीकडं पडला होता, तो न्यायचा. तोही आईच्याच पोटातला, असं मोठीमाय प्रत्येकीला बजावत होत्या. दोघी-तिघी कुरकुरल्या. एक म्हणाली, "नवी साडी हाय माझी." मोठीमाय म्हणाल्या, "माझ्याकडं तवा जुनी पण न्हवती धड. वत तिकडं."

सगळ्यात जास्त खेपा जाऊबाईंनी घातल्या. दुपारपर्यंत ह्यांच्या माणसांनी पोती रचली, आईच्या दोन्ही बाजूंनी, धड पाळीच्या उंचीपर्यंत. सांडव्यातली झुडपंही त्याच दिवशी तोडून झाली.

परतीचा पाऊस नवरात्रातच आला, आणि आला तो थांबेचना. दोन दिवस हायवेला जायचा पूल बंद होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप झाली तेव्हा मी आणि जाऊबाई पाळीवर गेलो. सांडव्यावरून तांबडं पाणी धो धो चाललं होतं, वीतभर नाही, चांगलं हातभर. आईपाशी पाणी पोत्यांना टेकलं होतं. खालची रांग बुडालेली, तिच्या वरची रांग भिजलेली. म्हणजे पोती नसती तर पाणी इथूनच खाली उतरलं असतं. पोत्यांच्या अलीकडं, आमच्या पायापाशी, जमीन ओली होती, पण वाहत काही नव्हतं. जाऊबाईंनी वाकून एका पोत्यावर तळहात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

"हे माझं पोतं," त्या म्हणाल्या.

"कशावरनं?"

"माझ्या सुतळीची गाठ हाय."

उन्हाळ्यात पक्का भराव झाला. पोती काढली, भुसभुशीत माती खरवडली, आणि नवी माती पातळ थरांत, पाणी शिंपडून, धुम्मस मारून दाबत चढवली. इंजिनिअर दोनदा येऊन गेले. ह्यांनी नळी लावून बघितली, पाणी शेंदराच्या रेघेवर थांबलं. देवीचा दगड आता पुन्हा गुडघ्याखाली आला आहे. कुंकू लावायला बसावं लागतं, आणि माझे गुडघे आता नव्या नवरीचे नाहीत, त्यामुळं उठताना कुणाचा तरी हात लागतो. गावात काहीजण म्हणाले, आई लहान झाली, हे बरं नाही. मोठीमायनी त्यांना एकच सांगितलं, "इतकी वर्सं उभी हुती. दमली, बसली."

घटाला यंदाही गाळाचीच माती होती आणि धान उंच आलं. आईची ओटी भरायची रीत मात्र चालू राहिली आहे. घरटी एक टोपली, वरून खाली नाही, खालून वर. आता ती पाळीच्या पायवाटेवर, पावसानं उघड्या पडलेल्या जागी टाकतात.

माझ्या यादीत पायथ्याची ओल अजून खोडलेली नाही. तिथलं पाणी मी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवते, तळाशी काही बसतं का ते बघते, मग बाटली धुऊन परत भरते. आजवर नितळ आहे. ते नेमकं कुठून येतं, तळ्यातून पाझरून की विहिरीसारखं जमिनीतून, हे मला कळलेलं नाही आणि कळायला आवडेल.

परवा जाऊबाईंचा फोन आला. मी दळण टाकत होते, ऐकू येईना म्हणून बाहेर आले.

"शेळ्या चालल्यात वरनं," त्या म्हणाल्या.

"बुडतात का?"

फोनवर त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. मोजत असाव्यात. "न्हाय. शेवटचीपण गेली. पोटं दिसली समद्यांची." मग म्हणाल्या, "आता तरी यिऊन म्हस बघ."